दोन भाच्यांसाठी वही लिहिते आहे : काय लिहावे आणि कसे लिहावे?

शनिवारची आत्या, नौपाडा, ठाणे

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात जुळे मुलगे झाले आणि ते आता साडेआठ महिन्यांचे आहेत. मी नौपाड्यात राहते, भाऊ-भावजय नेरुळला राहतात. दर शनिवारी सकाळी ठाणे स्थानकाच्या दहा नंबर फलाटावरून ट्रान्सहार्बरची गाडी पकडायची आणि रविवारी रात्री परतायचे, हा माझा नेम झाला आहे. इतक्या महिन्यांत तीन-चारच शनिवार चुकले असतील, पण चुकलेल्या प्रत्येक शनिवारची मला अजून हळहळ वाटते.

मुले ३५व्या आठवड्यात जन्मली. एकाचे वजन २ किलो १०० ग्रॅम होते आणि दुसऱ्याचे १ किलो ८०० ग्रॅम, त्यामुळे दोघांनाही काही दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे लागले आणि बाराव्या दिवशी बारसे करता आले नाही. सव्वा महिना झाल्यावर कोपरखैरणेला, भावजयीच्या माहेरी, ते झाले. एकाच पाळण्यात दोघांना निजवले होते. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणताना बायका एरवी एकच बाळ पाळण्याखालून-वरून देतात, इथे खरोखरच दोन बाळे हातोहात फिरत होती. दोघांच्या कानात दोन नावे मी सांगितली. त्या क्षणी धाकट्याने माझ्या साडीचा काठ मुठीत धरला होता आणि तो सोडवून घ्यायला माझे मन धजेना.

मी रोज तिथे नसते, याचे मला आधी वाईट वाटत असे. पुढे भावजयच एकदा म्हणाली, ‘ताई, मला ही दोघे कालच्यासारखीच दिसतात, तुम्ही आलात की तुमच्या चेहऱ्यावरून कळते की काहीतरी बदलले आहे.’ ते खरेच आहे. आठ दिवसांच्या अंतराने पाहणाऱ्याला वाढ अक्षरशः डोळ्यांनी दिसते. एका शनिवारी मुठी घट्ट मिटलेल्या होत्या आणि पुढच्या शनिवारी थोरला आपलाच पंजा डोळ्यांसमोर धरून, बोटे उघडत-मिटत, पाच-पाच मिनिटे पाहत होता. चार महिने ही मुले एकमेकांशेजारी निजत होती, पण शेजारी कुणी आहे याची त्यांना दखलच नसल्यासारखे वाटे. नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी थोरला शिंकला आणि धाकटा खळखळून हसला, पुन्हा शिंक येते का म्हणून त्याच्याकडे पाहत राहिला. त्या दिवशी ही दोघे पहिल्यांदा भाऊ झाली, असे मला वाटले. संक्रांतीनंतर बोरन्हाण केले. काळी झबली, हलव्याचे मुकुट आणि बाजूबंद असा थाट होता. बोरे आणि हरभरे ताटात बाजूलाच ठेवले आणि डोक्यावरून थोडे चुरमुरे तेवढे सोडले. थोरला रडला. धाकटा मात्र पडणाऱ्या प्रत्येक चुरमुऱ्यामागे नजर नेत, श्वास रोखून बसला होता.

हे सगळे मी एका वहीत लिहीत आले आहे. मागच्या आठवड्यात ती वही सुरुवातीपासून वाचली आणि मन खट्टू झाले. जवळजवळ प्रत्येक पानावर तुलना आहे. ‘थोरला पालथा पडला, धाकटा अजून नाही.’ ‘थोरला आधाराशिवाय बसला, धाकटा अजून नाही.’ त्या बाळाचे अर्धे आयुष्य मी ‘अजून नाही’ या दोन शब्दांत लिहून ठेवले आहे. बोरन्हाणाच्या दिवशीची त्याची ती नजर वहीत कुठेच नाही, कारण तिची तुलना कशाशी करायची हे मला सुचले नसावे.

दोघांना एकाच वेळी पाहताना प्रत्येकाला त्याचा तो म्हणून कसे पाहावे आणि कसे लिहावे? वीस वर्षांनी त्यांच्या हाती ही वही पडली, तर त्यांना काय वाचावेसे वाटेल? शिवाय एक लहानशी शंका आहे. खाडीकाठी रोहित पक्षी आले आहेत, म्हणून गेल्या रविवारी आम्ही त्यांना दाखवायला घेऊन गेलो. मी बोट दाखवत होते आणि दोघेही पक्ष्यांकडे न पाहता माझ्या बोटाकडेच पाहत राहिले. हे या वयात असेच असते का?


खारघरची मावशी

ताई, तुमचे लिहिणे वाचून मी कपाटातली माझी वही काढली. माझा भाचा, म्हणजे बहिणीचा मुलगा, आता २४ वर्षांचा आहे. तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा मी ती वही त्याला वाचायला दिली होती, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी पाहिलेले आहे.

पहिला दात कधी आला, कितव्या महिन्यात रांगला, ही पाने त्याने भराभर उलटली. तो थांबला तो अशा जागी, जिथे त्याचा शब्द जसाच्या तसा लिहिलेला होता. दीड वर्षाचा असताना प्रत्येक दिव्याला तो ‘चांदू’ म्हणत असे. आकाशातला चंद्र चांदू, घरातली ट्यूब चांदू, वाशीच्या पुलावरून जाताना दिसणारा दिव्यांचा प्रत्येक खांबही चांदू. हे त्याला कुणीच सांगितलेले नव्हते, कारण घरातले सगळे ते विसरून गेले होते आणि मीही वहीत नसते तर विसरले असते.

दुसरे एक पान त्याने फार वेळ वाचले. त्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, रोज संध्याकाळी त्याला खांद्यावर टाकून गॅलरीत येरझाऱ्या घालत आणि हलक्या आवाजात पाढे म्हणत. त्यांना दुसरे काही गाता येत नसे. बाळ एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत झोपी जाई. वडील गेले तेव्हा हा तीन वर्षांचा होता, त्याला त्यांची कसलीही आठवण नाही. ते पान वाचून झाल्यावर त्याने मला एवढेच विचारले, ‘कुठल्या खांद्यावर?’ मी ते लिहिलेले नव्हते. तेव्हापासून मला वाटते की बाळाविषयी लिहिताना बाळाला उचलणाऱ्या माणसांविषयीही लिहावे, आणि अगदी बारकाईने लिहावे.

छायाचित्रे तुमच्याकडे हजारो असतील, त्यामुळे छायाचित्रात जे येत नाही त्याला वहीत जागा द्या. आंघोळीनंतरच्या धुरीचा आणि वेखंडाचा वास, टाळूवर तेल थापताना हाताखाली लागणारी ती मऊ धडधड, झोप लागता लागता बाळ एकाएकी जड होते तो क्षण. साडीच्या काठाची गोष्ट तुम्ही इथे लिहिलीत. ती वहीत आहे का?


बालविभागातली परिचारिका, ठाणे

आपल्या शंकेविषयी आणि ‘अजून नाही’विषयी थोडे सांगते. मी बरीच वर्षे लहान मुलांच्या विभागात काम करते आहे.

मुले ३५व्या आठवड्यात जन्मली, म्हणजे चाळीस आठवड्यांच्या हिशेबाने पाच आठवडे आधी आली. त्यांची वाढ पाहताना आम्ही वयातून ते पाच आठवडे वजा करतो आणि त्याला दुरुस्त वय म्हणतो. साधारण दोन वर्षांपर्यंत हा हिशेब ठेवतात. आपले भाचे जन्मतारखेने साडेआठ महिन्यांचे असले, तरी बसणे, रांगणे, उभे राहणे यांच्या दृष्टीने सव्वासात महिन्यांच्या आसपासचे आहेत. लसींना मात्र हे वजा करणे लागू नाही, त्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात, आणि ९ महिने पूर्ण झाल्यावरची गोवर-रुबेलाची लस आता जवळ आली आहे. भावजयीला तेवढी आठवण करावी.

दुसरे म्हणजे, वाढीचा एकच ठरलेला दिवस नसतो, त्याची मोठी खिडकी असते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतल्या निरोगी मुलांचा दीर्घकाळ अभ्यास करून २००६ मध्ये वाढीची मानके प्रसिद्ध केली. त्यांनुसार आधाराशिवाय बसणे हे सुमारे ३.८ ते ९.२ महिन्यांत कधीही येऊ शकते आणि स्वतंत्र चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांत. हात-गुडघ्यांवर रांगणे तर त्या अभ्यासातल्या ४ टक्क्यांहून थोड्या अधिक मुलांनी कधी केलेच नाही, ती थेट उभी राहिली आणि चालू लागली. जुळ्या भावंडांपैकी एक या खिडकीच्या सुरुवातीला आणि दुसरा मध्यावर असणे, यात काळजीचे काहीही नाही. बाळ एकाच बाजूचा हात वापरत असेल, आवाजाकडे वळत नसेल, किंवा आधी येत असलेले काही करेनासे झाले असेल, तर मात्र वहीत लिहून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे.

आता बोटाविषयी. हे वय बोटाकडेच पाहण्याचे आहे. बोट ही वस्तू नसून ती दिशा आहे, हे कळायला वेळ लागतो, आणि साधारण नऊ महिन्यांनंतर, वर्षाच्या आत, बहुतेक मुले दाखवलेल्या बाजूला पाहू लागतात. दूरचे पक्षी दाखवण्याऐवजी आधी हातभर अंतरावरचे काहीतरी दाखवावे. ज्या दिवशी बाळ आपल्या बोटावरून नजर पुढे नेईल, तो दिवस वहीत जरूर लिहावा. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलेले असते की समोरच्या माणसाच्या मनातही काहीतरी आहे आणि ते आपल्याला दाखवले जाते आहे. इतकी वर्षे हे पाहूनही मला प्रत्येक वेळी भरून येते.


जुळ्यांची आई, ऐरोली

माझ्या मुली आता सहा वर्षांच्या आहेत. दोन वह्या करा, एवढे आधी सांगते. एकाच पानावर दोन नावे आली की ‘पण’, ‘मात्र’, ‘अजून’ हे शब्द आपोआप येतात.

वही वेगळी केली तरी पाहणे वेगळे होत नाही, त्यासाठी माझ्या नणंदेने एक गोष्ट केली, ती सांगते. ती यायची तेव्हा एकीला घेऊन तासभर बाहेर जायची आणि परत येऊन दुसरीला न्यायची. दोघी एकत्र असल्या की जी जास्त आवाज करते तिच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. माझी शांत मुलगी एकटी असताना बडबडी होती, हे मला, तिच्या आईला, नणंदेकडून कळले. मला तो तास दुसऱ्या मुलीबरोबर एकटीने मिळायचा, आणि जुळ्यांच्या आईला तसा तास किती दुर्मीळ असतो, ते आपल्या भावजयीला विचारून पाहावे.

आणखी एक विनंती आहे. पहिले पाऊल, पहिला शब्द तुमच्यासमोर आला, तर लिहिण्याआधी, मोबाइल हातात घेण्याआधी, आईला हाक मारा. माझ्या मुलीने पहिले पाऊल टाकले तेव्हा मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. नणंदेने हाक मारली आणि मी तशाच भरल्या हातांनी धावत आले. मला दिसले ते दुसरे पाऊल होते, पण आमच्या घरी आजवर तेच पहिले मानले जाते.


जुळ्यांपैकी एक, वाशी

मी ३१ वर्षांचा आहे आणि माझ्या भावाहून सात मिनिटांनी मोठा आहे. आपण प्रश्नात दोघांना सर्वत्र थोरला आणि धाकटा म्हटले आहे. नावे इथे द्यायची नसावीत, हे समजू शकतो. परंतु वहीतही तसेच लिहीत असाल, तर माझी कळकळीची विनंती आहे की तेवढे बदलावे. सात मिनिटांमुळे ‘तू मोठा ना, तू समजून घे’ हे वाक्य मी लहानपणी किती वेळा ऐकले याची गणती नाही, आणि ‘तू लहान, तुला जमणार नाही’ हे माझ्या भावाने तितक्याच वेळा ऐकले. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. आम्हाला त्या शब्दांतून बाहेर यायला कॉलेज संपावे लागले. तो पुण्याला गेला आणि मी इथे राहिलो, तेव्हा कुठे लोक आम्हाला एकेकट्या नावाने ओळखू लागले.

आमच्याही आत्याने आमच्या कानात दोन वेगळी नावे सांगितली होती. तुम्हीही सांगितली आहेत.


शनिवारची आत्या, नौपाडा, ठाणे

सर्वांचे उत्तर वाचल्यावर लगेच लिहायला हवे होते, पण आधी करून पाहावे आणि मग सांगावे असे वाटले. आज एप्रिलचा मध्य आहे.

गोखले रोडवरून दोन वह्या आणल्या, एक निळ्या कापडाच्या बांधणीची आणि एक तांबड्या. जुनी वही फाडली नाही, मात्र तिच्यातले जे ज्याचे ते त्याच्या वहीत नावानिशी उतरवून काढले. थोरला-धाकटा हे शब्द आता भावाच्या घरातही आम्ही हळूहळू सोडतो आहोत. माझ्या आईला हे जड जाते आहे, तरी ती प्रयत्न करते. उतरवताना सुरुवातीला तांबडी वही फार बारीक राहील अशी भीती वाटली. पण चुरमुऱ्यांमागे जाणारी ती नजर, साडीचा काठ, भावाच्या शिंकेवरचे हसणे, हे सगळे तिच्यातच गेले, आणि आता तिची पाने निळीपेक्षा जास्त भरली आहेत. शेवटी त्याही जाडीची तुलना मनात आलीच, ती तिथेच सोडून दिली.

गोवर-रुबेलाची लस वेळेवर झाली. शनिवारी एकाला आणि रविवारी दुसऱ्याला एकट्याला घेऊन मी तासभर बाहेर पडते. भावजय म्हणाली की तिने इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एका बाळाला घाई न करता न्हाऊ घातले.

खारघरच्या मावशींसाठी : माझा भाऊ निळ्या वहीच्या मालकाला डाव्या खांद्यावर घेतो आणि तांबड्या वहीच्या मालकाला उजव्या. मी लिहून ठेवले आहे.

काल सकाळी गॅलरीच्या कठड्यावर कावळा येऊन बसला होता. दोघेही सतरंजीवर होते. मी ‘काऊ बघ’ म्हणून बोट दाखवले. एकाने माझ्या बोटाकडे पाहिले, क्षणभर थांबला, आणि मग त्याची नजर बोटाच्या टोकावरून पुढे निघाली ती थेट कावळ्यावर जाऊन थांबली. मी भावजयीला हाक मारली. ती येईपर्यंत कावळा उडून गेला होता, पण तो अजून रिकाम्या कठड्याकडे पाहत होता, आणि दुसरा, भाऊ एवढे काय पाहतो आहे ते कळावे म्हणून, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होता. रात्री परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. तुर्भे येईपर्यंत दोन्ही वह्यांत कालचे पान लिहून झाले होते, आणि दोन्ही पाने वेगवेगळी होती.