सातारा हिल हाफ मॅरेथॉन: घाट उतरताना मांड्या का भरतात?

प्रश्न: शर्यतीत यवतेश्वर घाटाचा चढ निघतो, पण परतीच्या उतारावर मांड्यांचा पार दगड होतो. दम मात्र शाबूत. असं का?

घाटवेडा: उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक मारतात, त्यात तंतूंना बारीक इजा होते. टाच पुढे आपटू नका, मागे रेलू नका. पावलं छोटी, मिनिटाला 175-180. आठवड्यातून एकदा 2-3 किमी उतार पळा. शेवटचा सराव शर्यतीच्या 10-14 दिवस आधी.

पहाटफेरी: चढ घड्याळावर नको, श्वासावर पळा, तुटक का होईना, बोलता आलं पाहिजे. आणि लेस घोट्याशी आवळा, नाहीतर उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख काळंनिळं.

प्रश्नकर्ता: घाट जवळ नाही. जिने चालतील?

घाटवेडा: चालतील. वर लिफ्टने, खाली पायी! सुरुवातीला 10 मजले पुरे.