चर्चा: तातडीचा आजार नसलेल्यांना कॅज्युअल्टीतून परत पाठवावं का?

रात्रपाळी
मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात अपघात विभागात मी स्टाफ नर्स आहे. माझं मत सरळ आहे. तपासणीत तातडीचं काही निघालं नाही, तर पेशंटला सकाळच्या ओपीडीला पाठवायचा अधिकार ड्युटीवरच्या डॉक्टरांना हवा, आणि त्यावरून आरडाओरडा झाला तर प्रशासनानं आमच्या पाठीशी उभं राहावं.

रात्री अकराला "अंगातलं बळच गेलं, एक सलाइन लावा" म्हणत माणसं येतात. उलटी नाही, जुलाब नाहीत, बीपी-शुगर ठीक. अर्धा लिटर नॉर्मल सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. त्यानं ताकद येत नाही, हे रोज सांगते. बांधावरून मारामारी झाली की दोन्हीकडचे येतात. नुसतं खरचटलेलं असतं, पण "एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद) करा, ॲडमिट दाखवा", कारण जखम साधी की गंभीर यावर पुढचं कलम ठरतं. पाठोपाठ कुणातरी पुढाऱ्याचा फोन.

त्याच वेळी बाजूच्या खाटेवर फवारणीचं औषध प्यालेला शेतकरी असतो. त्या विषबाधेत ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाचा डोस दर काही मिनिटांनी वाढवत न्यावा लागतो. छातीतली घरघर, नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, सगळ्यांवर नजर ठेवावी लागते. तिथून मला सलाइन लावायला ओढून नेतात. हे मला मान्य नाही.

गोदाकाठ
सिस्टर, तुमच्यावरचा ताण कळतो. पण रात्री येणारा माणूस रात्रीच का येतो? सकाळची ओपीडी म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. गावच्या आरोग्य केंद्रात संध्याकाळनंतर डॉक्टर भेटेल याची खात्री नाही. आणि आपल्याला झालंय ते तातडीचं आहे का, हे त्यानं घरी बसून कसं ठरवायचं? ते कळत असतं तर तो दवाखान्यात कशाला आला असता?

ग्रामीण एमओ
मेडिकल ऑफिसर म्हणून माझा ठाम विरोध. "याला काही झालेलं नाही" हे वाक्यच कॅज्युअल्टीत धोक्याचं आहे. सुगीच्या दिवसांत रानात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो. अंगावर सूज नाही, दाताची खूण दिसत नाही, रक्त गोठायची चाचणीही नॉर्मल येते. काही तासांत पापण्या मिटायला लागतात आणि मग श्वास थांबतो. मण्यार अशीच चावते. तणनाशक प्यालेलंही तसंच. पॅराक्वाट घेतलेला पोरगा पहिल्या दिवशी चालतबोलत असतो, घरचे म्हणतात "भेव दाखवायला केलंय". पुढे मूत्रपिंडं आणि फुप्फुसं जातात. त्यावर उतारा नाही. बायकांचा हार्ट अटॅक तर किती वेळा "गॅस" म्हणून येतो. छाती, जबडा, पाठ काहीही दुखो, दहा मिनिटांत ईसीजी झालाच पाहिजे.

बालाघाटची लेक
दातखिळी बसलेल्या सुनांबद्दल कुणीच बोललं नाही. त्यांना सगळ्यात आधी "नाटक करती" म्हणतात. नाकाला अमोनिया लावतात, छातीच्या हाडावर मुठीनं रगडतात. मी हे वॉर्डात उभं राहून पाहिलंय. ते झटके फिटचे नसतील, पण ती बाई ते ठरवून आणत नाही. तिला घरी काय होतंय हे नवरा-सासूला बाहेर काढून विचारायला हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिच्या हातात द्यायला हवा. तिला ओपीडीला पाठवलं तर ती परत येणार नाही, कारण तिला आणणारं कुणी नसतं.

मांजरापट्टा
मी सिस्टरच्या बाजूनं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा मोफत झाला. फार चांगलं झालं, पण गर्दी येणार हे धरून माणसं वाढवायला नकोत का? आणि डॉक्टर-नर्सवर हात उगारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, कायदा २०१० चा आहे. गुन्हा नोंदवायला मात्र रुग्णालयच कचरतं.

रात्रपाळी
एमओ साहेब, मी "तपासणीनंतर" म्हटलंय. नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुगर, लागेल तिथं ईसीजी, यातून कुणालाच सूट नको. मण्यारचा पेशंट ओळखायला पापण्या पुन्हा पुन्हा बघाव्या लागतात. तेवढा वेळ माझ्याकडे उरावा म्हणूनच हे भांडण आहे. ताई, दातखिळीच्या बायकांना मी बऱ्यांत धरत नाही. अमोनिया माझ्या पाळीत कुणी काढला तर मी थांबवते. माझा राग खोट्या सर्टिफिकेटवर आणि फोनवर आहे. लाल म्हणजे सगळ्यात तातडीचा, मग पिवळा, आणि थांबू शकेल तो हिरवा, अशी वर्गवारी भिंतीवर लावलेली आहे, पण फोन आला की हिरवा पेशंट लालच्या आधी बघावा लागतो. हिरव्यांसाठी रात्री वेगळी खोली, एक डॉक्टर आणि एक नर्स द्या.

गोदाकाठ
वेगळी खोली मान्य, त्यासाठी मीही निवेदनावर सही करतो. परत पाठवणं अजूनही मान्य नाही. रात्री बाराला गावाकडं जायला एसटी नसते, माणूस दवाखान्याच्या ओट्यावरच पडून राहणार. मग त्याला आतच, त्या हिरव्या खोलीत ठेवा.