कोडिंग मेलं म्हणे. मग रात्री २ वाजता मला कोण उठवतं?

जुनाखोड
"कोड लिहिणं हे काम संपलं, अजून सिंटॅक्स शिकत बसलेल्यांची कीव येते" ही पोस्ट सकाळपासून ४ ग्रुपांत येऊन पडली. लिहिणाऱ्या गृहस्थांनी स्वतः शेवटचा कोड कधी लिहिला ते सांगितलेलं नाही. खाली कोर्सची लिंक मात्र आहे. म्हणून आज सविस्तर.

ही आरोळी नवी नाही. १९५९ साली कोबॉल ही प्रोग्रामची भाषा आली, ती इंग्रजीसारखी दिसायची, म्हणून आता मॅनेजर स्वतःच प्रोग्राम वाचतील-लिहितील असं वाटलं होतं. मॅनेजरांनी काही लिहिलं नाही, कोबॉल प्रोग्रामर नावाची नवी जमात तेवढी तयार झाली. मग फोर्थ जनरेशन भाषा, मग नो-कोड (कोड न लिहिताच प्रोग्राम जुळवायचा), दर वेळी हीच आरोळी. मार्च २०२५ मध्ये एआय बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीचे प्रमुख डारिओ अमोदेई म्हणाले, ३ ते ६ महिन्यांत ९० टक्के कोड एआय लिहील. लिहू दे की! ओळी टाइप करणं हा माझ्या दिवसातला सगळ्यात सोपा तास असतो.

आणि वेगाचं म्हणाल तर एआयची चाचणी करणाऱ्या मेटर या संस्थेचा जुलै २०२५ चा प्रयोग बघा. १६ अनुभवी ओपन सोर्स (सगळ्यांना खुल्या कोडवर काम करणारे) डेव्हलपर, त्यांच्याच रेपोमधली, म्हणजे कोडच्या कोठारातली, २४६ कामं. एआय वापरून १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत म्हणजे काम झाल्यावरही त्यांना वाटत होतं, आपण २० टक्के लवकर उरकलं.

सेमीकोलन
१६ माणसं! आणि तीही वर्षानुवर्षं स्वतःच्या रेपोत मुरलेली. अशा माणसाला मदतनीस अडचणच वाटणार. शिवाय ती टूल्स २०२५ च्या सुरुवातीची.

माझं सांगते. जुन्या फ्रेमवर्कमधल्या ४० स्क्रीन नव्यात न्यायच्या होत्या. टीमचा अंदाज ३ महिने. मी एकटीने ९ दिवसांत संपवल्या. काका, कोबॉलची गोष्ट किती दिवस पुरवणार?

नवखी
तुम्हा दोघांना नोकऱ्या आहेत म्हणून ही चर्चा रंगतेय. स्टॅनफर्डच्या लोकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतली पगारपत्रकं तपासली. २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांच्या जागा २०२२ च्या शेवटी होत्या त्यापेक्षा जुलै २०२५ पर्यंत जवळपास २० टक्क्यांनी घटल्या. मी त्या वयात बसते. यावर बोला.

ताळेबंद
यात एआयचा काय संबंध? मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर शून्याच्या आसपास होता, जुलै २०२३ मध्ये ५.२५ ते ५.५० टक्के. फुकटचा पैसा होता तेव्हा वारेमाप भरती केली, आता काढतायत. त्यात २०२२ ते २०२४ तिथल्या करकायद्याचं कलम १७४, म्हणजे डेव्हलपरचा पगार त्याच वर्षी खर्चात धरता येत नव्हता, ५ वर्षांत विभागावा लागायचा. पण "आमचा हिशेब चुकला" असं कोण म्हणणार? "एआयमुळे" म्हटलं की शेअर वर जातो. हे मी २ वर्षं ओरडून सांगतोय.

नवखी
त्याच अभ्यासात, त्याच कामांत, वयाने मोठ्यांच्या जागा टिकल्या किंवा वाढल्या. व्याजदर जन्मतारीख बघून लागतो का?

ताळेबंद
...मुद्दा आहे. पण कलम १७४ कडे कोणी बघतच नाही, ते राहिलंच.

जुनाखोड
@सेमीकोलन, ४० स्क्रीन ९ दिवसांत. छान. वाचल्या कोणी?

आमच्याकडे मागच्या महिन्यात १८०० ओळींचा पुल रिक्वेस्ट ("हा बदल कोडमध्ये घ्या" अशी विनंती) आला. एआयने "साफसफाई" केलेली. आमच्या कोडमध्ये एका ठिकाणी स्लीप(२०००) होता, म्हणजे "२ सेकंद थांब", तो त्यात काढला. वर्णनात सुबक वाक्य: "अनावश्यक विलंब काढला." टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण टेस्टमध्ये डेटाबेस एकच. प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या ग्राहकांसाठी चालतं तिथे, लिहितो प्रायमरीवर (मूळ डेटाबेसवर) आणि वाचतो रेप्लिकावरून (त्याच्या प्रतीवरून). रेप्लिका दीड सेकंद मागे. म्हणजे नुकतं लिहिलेलं दिसत नाही, बिलं पाठवणाऱ्या जॉबला (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला) वाटतं काम झालंच नाही, तो पुन्हा पाठवतो. लोकांना एकच बिल दोनदा गेलं. रात्री २ वाजता फोन कोणाला आला? एआयला नाही.

सेमीकोलन
थांबा थांबा. रेप्लिकाचा लॅग, म्हणजे तिचं मागे पडणं, तुम्ही स्लीप घालून झाकला होता? आणि दोष एआयचा?

जुनाखोड
२०१७ साली दुसऱ्या दिवशी रिलीज होती. सात वर्षांहून जास्त चाललं ना?

सेमीकोलन
नशिबाने चाललं. ज्या दिवशी लॅग अडीच सेकंद झाला असता त्या दिवशी तुमच्या स्लीपसकट बिलं दोनदाच गेली असती. वर कॉमेंट, म्हणजे हे का केलं ते सांगणारी टीप, होती का?

जुनाखोड
टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं.

सेमीकोलन
म्हणजे नव्हती.

निर्मळकोड
कॉमेंट लागणं हेच अपयश. कोड स्वतः बोलला पाहिजे.

ताळेबंद
स्लीप(२०००) काय बोलणार? घोरतो तो.

निर्मळकोड
फंक्शनला नीट नाव दिलं असतं तर ही वेळच आली नसती. कॉमेंट शिळ्या होतात, कोड बदलतो आणि त्या तशाच राहतात. मी ११ वर्षांत एकही कॉमेंट लिहिलेली नाही.

सेमीकोलन
तुमच्यानंतर तो कोड सांभाळणाऱ्यांना भेटायला आवडेल. नाव सांगतं *काय*. *का* कुठे लिहिणार? फंक्शनचं नाव दोन ओळींचं ठेवणार?

निर्मळकोड
कमिट मेसेजमध्ये, बदल साठवताना लिहितात त्या टिपेत!

जुनाखोड
कमिट मेसेज "फिक्स" असा आहे. आधीच सांगून टाकतो.

सेमीकोलन
धन्य आहात. म्हणजे एआयने तेच केलं जे कुठल्याही नव्या माणसाने केलं असतं.

जुनाखोड
नाही! नव्या माणसाने विचारलं असतं, "हे कशाला आहे?" निदान घाबरला तरी असता. १८०० ओळी एकदम अंगावर टाकल्या नसत्या. आणि तुम्ही त्या ९ दिवसांचं अजून सांगितलेलं नाही. वाचल्या कोणी? गोल गोल फिरू नका.

सेमीकोलन
आवाज खाली. वाचल्या. दोन सहकाऱ्यांनी, पुढचे ५ आठवडे. झालं समाधान? तरी ३ महिन्यांपेक्षा कमीच.

जुनाखोड
९ दिवसांचे ६ आठवडे झाले, एवढंच नोंदवून ठेवतो.

नवखी
मध्येच विचारते. नवा माणूस घाबरला असता म्हणता, ते तुम्हाला कसं माहीत?

जुनाखोड
कारण पहिल्या वर्षी मीही असाच एक स्लीप काढला होता, न विचारता. सीनियरने शिव्या दिल्या नाहीत. रात्रभर शेजारी बसून लॉगच्या (प्रोग्रामने केलेल्या नोंदींच्या) दोन खिडक्या एकमेकींशेजारी लावायला लावल्या, वेळा ताडून बघायला लावल्या. पहाटे दिसलं, वाचणारी ओळ लिहिणाऱ्या ओळीच्या आधी पोचतेय. त्यानंतर हात लावायच्या आधी विचारायला लागलो.

नवखी
मग तसा एखादा स्लीप काढायला मला कोण देणार? ती साफसफाईची कामंच आता एआयकडे जातात.

निर्मळकोड
मुळात सिंक्रोनस रेप्लिकेशन, म्हणजे प्रतीवर पोचल्याशिवाय लिहिणं पूर्णच न धरणं, का नव्हतं हा खरा प्रश्न आहे.

ताळेबंद
पैसे. बाकी काही नाही.

सेमीकोलन
@जुनाखोड, तो स्लीप परत टाकलात ना? आता तरी कॉमेंट आहे का वर?

जुनाखोड
आहे. ३ ओळी. एआयकडून लिहून घेतली, बरी लिहिलीय. "स्लीपऐवजी प्रायमरीवरूनच वाचा" असंही सुचवत होता. पुढच्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या पुढच्या फेरीत, बघू म्हटलं.