वेस्टगेट ॲक्च्युएटर घरी बदलणे

प्रश्न : माझ्या टर्बो पेट्रोल गाडीच्या वेस्टगेट ॲक्च्युएटरचा (टर्बोला वळसा देऊन धूर सोडणारी वेस्टगेट ही झडप रॉडने उघडणारा डबा) डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, फाटला आहे. नवा बसवणे नवशिक्याला जमेल का?

उत्तर : जमेल. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि रॉडची क्लिप काढण्यापूर्वी खाली फडके पसरा, कारण ती निसटली की सहसा सापडत नाही.

दुसरे उत्तर : खरी मेख रॉडच्या लांबीत आहे. वेस्टगेट पूर्ण बंद असताना रॉडचे भोक झडपेच्या लिव्हरच्या पिनला किंचित अपुरे पडले पाहिजे, म्हणजे रॉड ओढूनच बसतो आणि स्प्रिंगवर ताण राहतो. रॉड सैल राहिल्यास झडप गळते, फार आखूड केल्यास बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, वाढतो. गेज असलेल्या हातपंपाने हवा देऊन रॉड कोणत्या दाबाला हलतो, हे मॅन्युअलशी ताडून पाहा.

तिसरे उत्तर : जुना काढल्यावर लिव्हर हाताने फिरवून पाहा. तो अडकत असेल, तर नुसता ॲक्च्युएटर बदलून भागणार नाही.