तारे वाढत गेले आणि वाचन मात्र कमी झाले

प्रश्न : खाडीकाठचा शिक्षक

मालवण तालुक्यातील खाडीकाठच्या एका द्विशिक्षकी शाळेत मी शिकवतो. पहिली ते चौथी मिळून पट १९ आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मुलांना गोडी लागावी म्हणून मी भिंतीवर नावांचा तक्ता लावला. पाढा न अडखळता म्हटला की एक तारा, गोष्टीचे पुस्तक वाचून झाले की दोन तारे आणि २० तारे जमले की ‘खलाशी’चा ‘तांडेल’ (होडीवरचा प्रमुख), अशी बढती ठेवली. पहिला दीड महिना वर्गात इतका उत्साह होता की पाढे म्हणण्यासाठी मुले घंटा होण्याआधीच दारात उभी राहत.

गणपतीच्या सुट्टीनंतर मात्र काहीतरी बिनसले. तिसरीतली एक मुलगी पूर्वी मधल्या सुट्टीत अर्धा डबा तसाच ठेवून वाचत बसायची. आता ती पेटीतले सर्वांत पातळ पुस्तक शोधते. परवा तर तिने दहा मिनिटांत पुस्तक परत आणले. मी नेहमीप्रमाणे गोष्टीचा शेवट विचारला, तो तिने अचूक सांगितला. मधले काहीच सांगता येईना. कारण विचारल्यावर शांतपणे म्हणाली, “गुरुजी, तुमी शेवटच इचारतास, म्हणान मी शेवटच वाचलंय.” यावर मला उत्तर सुचले नाही.

दुसरीकडे, जुलैअखेर तीनच तारे मिळालेला एक मुलगा पाढ्यांच्या दिवशी हमखास गैरहजर असतो आणि दुसऱ्या दिवशी रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे) ओढायला गेलो होतो असे सांगतो. हा तक्ता काढून टाकावा की त्यात सुधारणा करावी? ज्यांनी शाळेत किंवा कामाच्या ठिकाणी असा प्रयोग केला आहे त्यांनी कृपया अनुभव लिहावा.

उत्तर १ : काजूवाली, वेंगुर्ले

गुरुजी, आपल्या विद्यार्थिनीने जे केले तेच आमच्याकडच्या बायकांनीही केले होते. काजू कारखान्यात मी देखरेखीचे काम करते. बी फोडण्याच्या विभागात कोणी किती किलो गर काढला याचा फलक रोज संध्याकाळी लावायचा आणि आठवड्याच्या शेवटी पहिल्या तिघींना बक्षीस द्यायचे, असे एकदा ठरले. किलो वाढले, पण अख्खा गर कमी होऊन पाकळी आणि तुकडा वाढला. या धंद्यात भाव अख्ख्या गराला असतो. ३२० क्रमांकाचा माल म्हणजे एका पाउंडात साधारण ३०० ते ३२० अख्खे गर. २४० क्रमांकाचा त्याहून मोठा आणि महाग. घाईने पाते दाबले की गर दुभंगतो आणि त्याची किंमत तिथेच उतरते. आम्ही वजन मोजत होतो, म्हणून बायकांनी आम्हाला वजन दिले. त्यांचे काय चुकले?

त्याहून वाईट गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. पूर्वी नव्या मुलीला बी पात्यावर कशी धरायची, हाताला चिकाने फोड येऊ नयेत म्हणून काय करायचे, हे जुन्या बायका आपणहून दाखवत. फलक लागल्यावर ते थांबले, कारण शेजारणीला शिकवण्यात स्वतःचे किलो जात होते. पुढे आम्ही नावे पुसली. शंभर गरांमागे अख्खे किती, एवढेच प्रत्येकीला तिच्याच मागच्या आठवड्याशी ताडून खासगीत सांगू लागलो आणि बक्षीस पूर्ण पाळीला एकत्र ठेवले. भांडणे संपली असे म्हणणार नाही, पण शिकवणे पुन्हा सुरू झाले.

उत्तर २ : मानसशास्त्राची विद्यार्थिनी, रत्नागिरी

आपल्या प्रश्नाशी थेट जुळणारा प्रयोग मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केला होता. बालवाडीतील ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढणे मुळातच आवडत होते, त्यांतील काहींना चित्र काढल्यास सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगण्यात आले, काहींना ते न सांगता नंतर अचानक दिले आणि काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले असता, आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नव्हती. त्यामुळे वाचणाऱ्या मुलीला वाचनासाठी तारे देणे मी आजच थांबवले असते. पाढ्यांचे तसे नाही. त्यांची मूळ आवड क्वचितच असते, त्यामुळे तिथे ताऱ्यांनी गमावण्यासारखे फारसे काही नाही.

कामाच्या ठिकाणचे एक उदाहरण देते. अमेरिकेत अ‍ॅनाहाइम येथील हॉटेलांच्या धुलाई विभागात प्रत्येक कामगाराचा वेग नावानिशी पडद्यावर दाखवला जाऊ लागला, तेव्हा कामगारांनी त्याला ‘इलेक्ट्रॉनिक चाबूक’ असे नाव दिले. खेळ स्वेच्छेने खेळायचा असतो. बाहेर पडण्याची मुभा नसेल तर त्याच गुणफलकाची हजेरीवही होते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतात माणसाच्या आतल्या प्रेरणेला लागणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत : आपण ठरवतो आहोत ही भावना, आपल्याला जमते आहे ही जाणीव आणि आपलेपणा. आपला रापणीवाला मुलगा तक्त्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याला यांतले काय मिळते, हे पाहावे.

उत्तर ३ : डबलबारीचा श्रोता, कणकवली

स्पर्धेलाच दोष देऊ नये, एवढेच सांगायचे आहे. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या आमनेसामने सामन्यात, समोरचा बुवा तयारीचा आहे हे कळले की आमचा बुवा नव्या गजराची तालीम रात्र रात्र करतो. मात्र तिथे गुणफलक लावलेला मी कधी पाहिला नाही, आणि गौळण कोणाची रंगली यावर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर वाद होतो तो वेगळाच. शिवाय बारीला उभा राहणारा स्वतःच्या हौशीने उभा राहतो. दुसरीतल्या मुलाला ती सोय नाही.

खाडीकाठचा शिक्षक :

सर्वांचे आभार. तक्ता काल उतरवला. वाचनाचे तारे पूर्ण बंद केले असून, आता पुस्तक परत करताना शेवट विचारण्याऐवजी ‘कुठल्या पानावर थांबावेसे वाटले?’ एवढेच विचारतो. पाढ्यांसाठी जुना मोक्षपट आठवला. फरशीवर खडूने सापशिडी आखली आहे, मिश्र वयाचे चार गट केले आहेत आणि पाढा म्हटला की गटाला कवड्या टाकायला मिळतात. कवड्यांमुळे मागचा गटही एका शिडीने पुढे जातो, हे मुलांना फार आवडले. पाढा चुकला तर गटातल्याने शिकवायचे आणि पुन्हा म्हणायचे.

रापणीवाला मुलगा आज आला होता. पाढ्याला नव्हे, कवड्या टाकायला आलो असे त्याने स्पष्ट सांगितले. पाचाचा पाढा त्याला चौथीतल्या मुलाने दोनदा म्हणून दाखवला, तिसऱ्यांदा त्याने स्वतः म्हटला, आणि पडलेल्या कवड्यांनी त्याचा गट थेट सापाच्या तोंडी गेला.