मदत हवी आहे: जुन्या यामाहा आरएक्स १०० बाइकचे पुढचे शॉकअप

मंडळी, बाबांची १९९४ ची आरएक्स १०० आहे, इंजिन अजून टकाटक पण पुढचे शॉकअप पार बसलेत, ब्रेक मारला की नाक खाली आणि खड्ड्यात ठाक्कन आवाज येऊन मनगटाला झटका. वर्षात दोनदा ऑइल सील (शॉकअपमधलं तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा) बदलले, महिन्याभरात परत शॉकअपच्या डाव्या पाइपवर तेलाची रेघ. काल डस्ट सील (धूळ अडवणारं वरचं रबर) सरकवून पाइपवरून नख फिरवलं तर गंजाचे बारीक खड्डे लागले, म्हणजे सील बिचारं काय करणार, पाइपच त्याला खातोय. मेकॅनिकचं एकच, "दादा, नवीन सील टाकू, चालेल." नाही चालत ना राव!

आता कुर्ल्याला सीएसटी रोडवर नवीन पाइप शोधू की जुनेच हार्ड क्रोम (क्रोमचा जाड थर) करून, ग्राइंड करून गुळगुळीत करून घेऊ? मुंबईत नीट करणारं कोणी माहितीय का, ठाणे-वसईपण चालेल. आणि खोलतोच आहे तर तेल १० ऐवजी १५ ग्रेडचं टाकून स्प्रिंगवर पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवून प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) वाढवायचा विचार आहे, माझं वजन ८८ किलो, मागे बायको. जाड तेलाने पेव्हर ब्लॉकवर दात वाजतील का? कोणी केलं असेल तर सांगा, तुकडा किती मिमीचा कापलात तेपण.