राज्यमार्ग आणि पुलांसाठी कामगिरीची उद्दिष्टे कायद्याने ठरवावीत का?

घाटमाथा (धागाकर्ता)

रस्त्यांबाबत आपल्या राज्यात जाहीर झालेले सर्वांत गाजलेले उद्दिष्ट म्हणजे २०१७ सालची १५ डिसेंबरची मुदत. त्या तारखेपर्यंत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यातील रस्ते खड्डेमुक्त होणार होते. ते कितपत झाले यावर पुष्कळ वाद झाले, पण ते मोजायचे कसे हे आधी कोणीच ठरवले नव्हते. बुजवलेला खड्डा पुढच्या पावसात उखडला तर त्याचा हिशोब कोणत्या रकान्यात धरायचा, आणि ज्या रस्त्याचा थर आतून खिळखिळा झाला आहे पण अजून खड्डा पडलेला नाही तो रस्ता चांगला म्हणायचा का, या प्रश्नांची उत्तरे त्या घोषणेत नव्हती.

अमेरिकेने २०१२ साली ‘मॅप-२१’ या कायद्याने वेगळी वाट धरली. तेथील प्रत्येक राज्याला राष्ट्रीय महामार्ग जाळ्यातील रस्ते आणि पूल दोन वर्षांनी व चार वर्षांनी कोणत्या अवस्थेत असतील याचे उद्दिष्ट स्वतः ठरवून केंद्राला कळवावे लागते, आणि मुदत संपल्यावर प्रत्यक्ष स्थिती मांडावी लागते. पुलाच्या डेकला (ज्यावरून वाहने जातात तो भाग), वरच्या बांधकामाला आणि खालच्या आधारांना शून्य ते नऊ असे गुण दिले जातात. तिन्हींपैकी सर्वांत कमी गुण हीच त्या पुलाची प्रत. सात किंवा अधिक असेल तर पूल चांगला, चार किंवा कमी असेल तर वाईट. टक्केवारी पुलांच्या संख्येवर काढत नाहीत, डेकच्या क्षेत्रफळावर काढतात. रस्त्यांसाठी पृष्ठभागाचा खडबडीतपणा, तडे आणि चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या मोजतात. शिवाय केंद्राने एक किमान मर्यादाही आखून दिली आहे: या जाळ्यातील पुलांचे दहा टक्क्यांहून अधिक क्षेत्रफळ सलग तीन वर्षे वाईट राहिले, तर केंद्रीय निधीतील ठरावीक रक्कम त्या राज्याला पुलांसाठीच राखून ठेवावी लागते.

आपल्या राज्यमार्गांसाठी आणि त्यांवरील पुलांसाठी असा कायदा व्हावा, आणि प्रत्येक बांधकाम मंडळाचा (म्हणजे विभागाच्या प्रादेशिक कार्यालयाचा) स्थितीतक्ता अर्थसंकल्पी अधिवेशनात विधिमंडळासमोर ठेवला जावा, असे माझे मत आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

निवृत्त कार्यकारी अभियंता

आपली कळकळ मान्य आहे, पण प्रस्ताव मला धोकादायक वाटतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस व इतर वाहने वाहून गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस धोकादायक आढळला नव्हता, असे सरकारनेच सांगितले होते. म्हणजे आपला कायदा तेव्हा असता, तर तो पूल आपल्या तक्त्यात ‘वाईट’ या रकान्यात नसता. पुराच्या प्रवाहाने पायाजवळची माती आणि दगड किती खरवडले गेले आहेत, हे काठावर उभे राहून कळत नाही. पावसाळ्यापूर्वीची आणि पावसाळ्यानंतरची पाहणी आमच्याकडे ठरलेलीच आहे. उणीव आहे ती पाण्याखालच्या तपासणीची, नावेची, पाणबुड्यांची, वेळेची आणि माणसांची. एका उपअभियंत्याच्या हद्दीत मोऱ्यांसह किती बांधकामे असतात याचा विचार करा. त्याच्यावर टक्केवारीचे उद्दिष्ट लादले तर तो पाच गुणांच्या पुलाला चार गुण देण्यापूर्वी दहा वेळा विचार करील, कारण तो एक गुण कमी करताच मंडळाचा तक्ता बिघडतो.

प्रॉव्हिडन्सहून

मी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या छोट्या राज्यात राहतो, आणि दोन्ही बाजूंनी वापरता येईल असे एक उदाहरण माझ्यासमोरच घडले आहे. या राज्याच्या पुलांची अवस्था देशात सर्वांत वाईटांमध्ये गणली जात असे. म्हणून २०१६ साली ‘ऱ्होडवर्क्स’ हा कायदा झाला. त्यात २०२५ पर्यंत राज्यातील ९० टक्के पूल संरचनादृष्ट्या पुरेशा अवस्थेत आणण्याचे उद्दिष्ट होते आणि पैसा उभा करण्यासाठी मालमोटारींवर पथकर बसवला गेला. उद्दिष्ट स्पष्ट होते, मुदत होती, निधीचा मार्गही होता. तरीही ११ डिसेंबर २०२३ रोजी प्रॉव्हिडन्समधील वॉशिंग्टन पुलाची पश्चिमेकडे जाणारी बाजू अचानक बंद करावी लागली, कारण पूल खाली जखडून ठेवणाऱ्या पोलादी दांड्या तुटल्याचे एका अभियंत्याच्या लक्षात आले. १९६८ सालचा, आंतरराज्य महामार्ग १९५ वाहून नेणारा हा पूल अखेर पाडावा लागला.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. येथील उद्दिष्ट पुलांच्या संख्येवर होते, त्यामुळे ओढ्यावरचा लहान पूल दुरुस्त केला काय आणि शहराची नाडी असलेला मोठा पूल दुरुस्त केला काय, तक्त्यात दोन्हींची नोंद एकच पडे. धागाकर्त्यांनी सांगितलेला क्षेत्रफळाचा निकष म्हणूनच मला अधिक बरा वाटतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे: कोणत्याही टक्केवारीत एखादी विशिष्ट दांडी, एखादे बेअरिंग (पूल ज्यावर टेकतो तो भाग) किंवा एखादा सांधा दिसत नाही. अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरात १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळलेला पूल तपासणीच्या नोंदींत अनेक वर्षे उणीवयुक्त म्हणूनच होता, पण तो पडला तो मूळ आराखड्यातच पातळ राहिलेल्या जोडपट्ट्यांमुळे, आणि त्या पट्ट्यांची जाडी गुणांकनात तपासली जात नव्हती. तेरा माणसे गेली.

लेखाशीर्ष

चर्चा तपासणीभोवतीच फिरत आहे. पैशाबद्दल कोणी बोलत नाही. राज्याच्या अर्थसंकल्पात रस्ते व पुलांची देखभाल प्रामुख्याने ३०५४ या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या खात्याखाली) येते आणि नवीन कामे ५०५४ खाली. नव्या कामाचे भूमिपूजन होते, फलक लागतो, लोकप्रतिनिधीला ते मतदारांना दाखवता येते. पुलाचे बेअरिंग बदलले किंवा जलनिःसारणाच्या नळ्या मोकळ्या केल्या, तर वाहनचालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. उद्दिष्टाला ३०५४ खालच्या तरतुदीशी कायद्यानेच बांधले नाही, तर अभियंत्याच्या डोक्यावर उत्तरदायित्व येईल आणि हातात निधी नसेल. धागाकर्त्यांनी याचे उत्तर द्यावे, कारण माझ्या मते प्रस्तावाचे भवितव्य यावरच ठरणार आहे.

घाटमाथा (धागाकर्ता)

लेखाशीर्ष यांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी तोच घेतो. अमेरिकी नियमांत एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही: राज्य आजच्यापेक्षा खालावलेल्या स्थितीचेही उद्दिष्ट ठेवू शकते. उपलब्ध निधीत चार वर्षांनी वाईट क्षेत्रफळ वाढणार असेल, तर विभागाने तसे लेखी सांगायचे. आपल्या विधिमंडळासमोर बांधकाम विभागाने असे एकदा जरी मांडले की सध्याच्या देखभाल तरतुदीत अमुक मंडळातील पूल खालावणारच आहेत, तर तरतूद न वाढवण्याचा निर्णय तरी उघडपणे घ्यावा लागेल. आज तो निर्णय कोणीही न घेता आपोआप होतो, आणि पूल पडला की चौकशी शाखा अभियंत्याची होते.

निधीच्या वाटपाबाबत आणखी एक सांगतो. केवळ ‘वाईट’ टक्का कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले, तर सगळा पैसा मरणपंथाला लागलेल्या पुलांवर जातो आणि बऱ्या पुलांची वेळीच होणारी किरकोळ दुरुस्ती मागे पडते, मग तेही एकेक करून वाईटाच्या रांगेत येतात. डांबरी रस्त्याचेही तसेच आहे: तडे बारीक असताना ते भरून वरून सील कोट (डांबराचा पातळ थर) दिला तर जो रस्ता टिकतो, तोच दोन पावसाळे तसाच सोडला तर खडीच्या थरापासून नव्याने करावा लागतो. म्हणून ‘चांगला’ टक्का राखण्याचे वेगळे उद्दिष्ट हवे. अमेरिकी नियमांत दोन्ही आहेत, आणि माझा ‘चांगला’ टक्का राखण्यावर अधिक भर आहे.

अभियंतासाहेबांनी सावित्रीचे उदाहरण दिले. टक्केवारीने तो पूल वाचला नसता, हे खरे आहे. पण पाण्याखालच्या तपासणीला साधने नाहीत हे आज आपण सांगत आहात ते निवृत्तीनंतर. तेच सेवेतील अधिकाऱ्याला दरवर्षी अधिकृत तक्त्यात नोंदवता आले पाहिजे. ज्या पुलाचा पाया तपासलेला नाही त्याला गुणच देऊ नयेत, ‘अज्ञात’ असा स्वतंत्र रकाना असावा, आणि त्या रकान्यातील क्षेत्रफळ कमी करणे हे पहिल्या चार वर्षांचे मुख्य उद्दिष्ट असावे.

इंद्रायणीकाठ

मला विरोधाचा एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातील कुंडमळ्याचा, इंद्रायणी नदीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. तो जुना आणि धोकादायक आहे हे आधीच माहीत होते, तसा फलक होता, नव्या पुलाचे कामही मंजूर होते. तेथे स्थिती मोजण्यात काही कमी पडले नव्हते; माहीत असलेला धोका प्रत्यक्ष बंद करण्यात कमी पडले. राज्यमार्गांच्या तक्त्यांवर सारी शक्ती खर्च झाली, तर गावांना जोडणारे असे पूल, ज्यांच्या मालकीबद्दलच कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात, आणखी मागे पडतील अशी मला भीती वाटते. अमुक गुणांखाली गेलेला पूल इतक्या दिवसांत बंद करणे किंवा त्यावरील भार मर्यादित करणे बंधनकारक आहे, एवढे एकच कलम मला चार वर्षांच्या उद्दिष्टांपेक्षा मोलाचे वाटते.

निवृत्त कार्यकारी अभियंता

‘अज्ञात’ रकान्याची सूचना मला पटली, आणि पूल बंद करण्याच्या मुदतीचे कलमही. तरीही माझा मूळ विरोध कायम आहे. ज्या मंडळाला उद्दिष्ट गाठायचे आहे त्याच मंडळाचे अभियंते गुण देणार असतील, तर चार आणि पाच यांच्यातील रेघ दरवर्षी सोयीने सरकेल. कोणी खोटे बोलेल म्हणून नव्हे, शंका आली की आकडा वरच्या बाजूला ढकलण्याचा दबाव प्रत्येक पायरीवर असेल म्हणून. गुण देणारे पथक दुसऱ्या मंडळाचे किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे असावे, त्याचे शुल्क देखभालीच्या निधीतून न जाता स्वतंत्रपणे दिले जावे, आणि त्याने दिलेला गुण बदलायचा असेल तर बदलणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लिहून स्वाक्षरी करावी. आपल्या मसुद्यात ही तीन कलमे पहिल्या पानावर येणार असतील, तर मी तो पुन्हा वाचायला तयार आहे.